डाळिंबावरचा तेल्या : स्ट्रेप्टोची पुडी न वापरता बाग कशी राखायची?

माणदेशीण :

सध्या बांधावर, कृषी सेवा केंद्रात, फोनवरच्या शेतकरी गटांत एकच प्रश्न फिरतोय. "स्ट्रेप्टो बंद म्हणतात, मग तेल्याला मारायचं काय?" स्ट्रेप्टो म्हणजे जिवाणू मारणाऱ्या अँटिबायोटिकची पुडी, आणि तेल्या म्हणजे डाळिंबाचा जिवाणूजन्य डागांचा रोग. चार ओळींत याचं उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. डाळिंबवाल्यांनी वाचाच, पण लिंबू, भात, टोमॅटो करणाऱ्यांनीही आपलं खाली जोडा. पिकं वेगळी असली तरी जिवाणूंची चाल बरीचशी सारखीच असते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. एक पुडी गेली, तिच्या जागी दुसरी बाटली आणली, असा पर्याय तेल्याला नाही. तेल्याला तीन गोष्टी लागतात : बागेतच मुक्कामाला असलेला जिवाणू, ओलं पान आणि झाडावरची जखम. या तिन्हींवर काम केलं तर फवारणीचा भार निम्म्याहून हलका होतो. तिन्ही तशाच ठेवल्या तर दर पाच दिवसांनी फवारलं तरी फळ हाती लागत नाही, हे आपल्या भागात अनेकांनी सोसलेलं आहे.

रोगाची ओळख थोडक्यात. जिवाणूचं नाव झँथोमोनास ॲक्झोनोपोडिस, त्यातला डाळिंबावर जगणारा प्युनिकी हा प्रकार. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ ची, दिल्लीची. महाराष्ट्रात मात्र त्यानं खरं थैमान घातलं ते २००० नंतर, भगवा या वाणाच्या लागवडी झपाट्यानं वाढत होत्या तेव्हा. सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झालं ते २००५ मध्ये, म्हणजे याच धामधुमीत. गणेश घ्या, आरक्ता घ्या, भगवा घ्या, बाजारात चालणाऱ्या एकाही वाणाला तेल्याविरुद्ध खरी प्रतिकारशक्ती नाही. टिश्यू कल्चरचं रोप घेतलं की तेल्या येत नाही असा समज पसरलाय, तोही खरा नाही. ते रोप येताना रोग घेऊन येत नाही, एवढंच. शेजारच्या बागेतून आला तर त्यालाही होतो.

डाग ओळखायला शिका, कारण बुरशीच्या डागावर जिवाणूची औषधं मारण्यात बराच पैसा जातो. तेल्याचा डाग पानावर आधी पाणचट असतो, पान उन्हाकडे धरलं तर तेलात भिजलेल्या कागदासारखा आरपार दिसतो. मग काळा पडतो, भोवती पिवळी कडा येते. फळावर काळा, थोडा उंचावलेला, चकचकीत डाग येतो आणि त्यातून इंग्रजी वाय किंवा एल आकाराची चीर पडते. चिरेच्या कडेला कधी पांढुरकी खपली दिसते, तो वाळलेल्या जिवाणूंचा थर. फांदीवर पेऱ्यापाशी काळा व्रण पडतो आणि फांदी तिथंच मोडते. हा फांदीवरचा व्रण सगळ्यात घातक, कारण पुढच्या बहरापर्यंत जिवाणू त्यातच दबा धरून बसतो. गळून पडलेल्या पानांत आणि फळांतही तो कित्येक महिने जिवंत राहतो.

आता स्ट्रेप्टोविषयी. नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लिन. दोन्ही माणसाची औषधं. ज्या ८ पिकांसाठी या मिश्रणाची कीडनाशक म्हणून नोंदणी होती, त्यात सफरचंद, घेवडा, लिंबूवर्गीय फळं, बटाटा, भात, चहा, तंबाखू आणि टोमॅटो होते. डाळिंब त्या यादीत नव्हतंच. तरी सगळ्यात जास्त पुड्या आपल्याच बागांत फुटल्या असतील. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारनं बंदीचा मसुदा काढला. त्यात १ फेब्रुवारी २०२२ पासून शेतीसाठीची आयात आणि उत्पादन थांबवायचं आणि १ जानेवारी २०२४ पासून वापर पूर्ण बंद करायचा असं मांडलं होतं. कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. पानाच्या आत शिरलेल्या जिवाणूपर्यंत हा फवारा फारसा पोचत नाही. वर वर असलेले मरतात, आतले राहतात, आणि वारंवार मारल्यावर जे राहतात ते औषधाला दाद न देणारे असतात.

मग करायचं काय? माझ्या मते सगळ्यात मोठा निर्णय फवारणीचा नाहीच, बहराचा आहे, म्हणजे झाड कोणत्या हंगामात फुलवायचं याचा. मृग बहरात जून-जुलैला कळी निघते आणि फळ वाढतं ते नेमकं पावसात. तापमान २८ ते ३० अंश, दमट हवा, वाऱ्यासोबत येणारी सर : तेल्याला हवं ते सगळं. हस्त बहर धरला, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरला ताण तोडला (झाडाचं रोखलेलं पाणी पुन्हा सुरू केलं), तर फळ थंड आणि कोरड्या हवेत वाढतं आणि फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काढणीला येतं. तेल्याचा दाब त्या काळात सगळ्यात कमी. आंबे बहर जानेवारी-फेब्रुवारीचा, तोही बराच सुरक्षित, पण फळ उशिरा पक्व झालं तर शेवटी जुलैच्या पावसात सापडतं.

दुसरं काम विश्रांतीतलं. काढणीनंतर बागेला तीन-चार महिने विसावा द्या. व्रण असलेल्या फांद्या व्रणाच्या खालून दोन-तीन इंच निरोगी लाकूड घेऊन कापा. पडलेली पानं, चिरलेली फळं गोळा करून बागेबाहेर नष्ट करा, बांधावर ढीग लावू नका. कात्री प्रत्येक झाडानंतर अडीच टक्के सोडियम हायपोक्लोराईटच्या द्रावणात बुडवा. मजूर कंटाळतात, मान्य, पण एका रोगट झाडावरून कात्री पुढच्या सगळ्या ओळीत रोग नेते. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुन्याचा लेप, लावा. ओल्या बागेत छाटणी नको, विरळणी नको, फिरणंही नको.

तिसरं, जखमा. डाळिंबाला काटे आहेत, वाऱ्यात फांदी हलली की काटाच पान आणि फळ ओरबाडतो. बागेच्या पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला शेवरी किंवा उंच गवताची दाट ओळ हवी. रसशोषक किडी, अळ्या यांच्या जखमांतूनही जिवाणू शिरतो, म्हणून निंबोळी अर्कासारख्या साध्या फवारण्यांचा तेल्याशीही संबंध आहे. नत्र हात राखून द्या. लुसलुशीत, गडद हिरवी फूट दिसायला छान दिसते आणि रोगाला आधी बळी पडते.

यानंतर मग फवारणी. बोर्डो, सुडोमोनास आणि बॅसिलस हे उपयोगी जिवाणू, सॅलिसिलिक ॲसिड यांच्यावर खाली प्रश्न येतील तसं लिहिते.


बागलाणचा गडी :

ताई, लेख झकास. पण बहराचं जे लिहिलंय ना, तिथंच आमची खरी अडचण आहे. हस्त बहर धरायचा म्हणजे जानेवारी ते एप्रिल फळ पोसायला पाणी पाहिजे. आमच्याकडे विहिरी डिसेंबरलाच तळ गाठतात. मृगाचा बहर आम्ही हौसेनं धरत नाही, पावसाचं पाणी फुकट मिळतं म्हणून धरतो. ज्याच्याकडे शेततळं आहे त्याला सांगणं सोपं आहे.

दुसरं, सप्टेंबरात पाऊस लांबला तर ताण बसत नाही. ताण बसला नाही की पानगळ नीट होत नाही, कळी मागेपुढे निघते, आणि एकाच झाडावर लिंबाएवढं फळ आणि कळी दोन्ही. व्यापारी असा माल बघून निघून जातो.


माणदेशीण :

दादा, तुम्ही अगदी नेमकं बोट ठेवलंत. पाणी नसलेल्याला हस्त बहराचा उपदेश करणं सोपं आहे, हे मला मान्य आहे, म्हणूनच मी शेततळ्याला तेल्याच्या खर्चात धरते. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आटपाडी-सांगोल्याकडे आलं तसा आमच्या भागात बहर निवडायचा वाव वाढला, हे डोळ्यांपुढे घडलंय. रोग कमी झाला तो पाण्यामुळे, हे पुष्कळदा कोणी बोलत नाही.

पाणी खरंच नसेल तर सगळी बाग एका बहराला लावू नका. जेवढ्या झाडांना एप्रिलपर्यंत ठिबकचं पाणी पुरेल तेवढीच हस्ताला धरा. उरलेली मृगाला धरायची असतील तर ज्या तुकड्यात मागच्या हंगामात तेल्या नव्हता तोच तुकडा निवडा. रोग येऊन गेलेल्या तुकड्यात लगेच मृग धरणं म्हणजे रोगाला ताट वाढून देणं. आच्छादन टाकलं तर पाणीही वाचतं आणि पावसाच्या थेंबानं जमिनीवरचा जिवाणू खालच्या फांद्यांवर उडतो, तेही कमी होतं. खालच्या लोंबणाऱ्या फांद्या तशाही काढाव्यात.

लांबलेल्या पावसाचं दुखणं खरं आहे. तेव्हा ताण तोडायची घाई न करता ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत थांबणारे शेतकरी आमच्याकडे आहेत. भाव थोडा मागेपुढे होतो, माल मात्र एकसारखा येतो.


सूक्ष्मदर्शी :

मी सूक्ष्मजीवशास्त्राचा विद्यार्थी, आता रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करतो. शेतीतलं कळत नाही, पण स्ट्रेप्टोमायसिनबद्दल थोडं लिहावंसं वाटलं.

स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं आणि क्षयरोगावर चाललेलं ते पहिलं अँटिबायोटिक. आजही काही क्षयरुग्णांना ते लागतं. शेतात फवारलेल्या औषधामुळे क्षयाचा जिवाणू थेट प्रतिरोधक होतो असं नाही, असा घाबरवणारा दावा करू नये. धोका वेगळ्या वाटेनं येतो. प्रतिरोधाची जनुकं अनेकदा प्लाझ्मिड नावाच्या सुट्या वर्तुळाकार डीएनएवर असतात आणि एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीकडे जातात. स्ट्रेप्टोमायसिनला निकामी करणारी एक जनुकजोडी सफरचंदाच्या रोगजिवाणूत सापडली आहे आणि तीच माणसांच्या जिवाणूंतही सापडते. शेतातली माती, शेणखत, ओढ्याचं पाणी आणि आपलं आतडं ही जिवाणूंसाठी एकमेकांना जोडलेली घरं आहेत.

फवारणी करणाऱ्या मजुराच्या अंगावर, नाकातोंडात तेच औषध जातं. त्याच्या अंगावरचे जिवाणू रोज थोड्या मात्रेत त्याला सरावतात. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते.


पाटलाचा मळा :

आमच्या इथला दुकानदार म्हणतो, स्ट्रेप्टो नको तर कासुगामायसिन घ्या, नाहीतर ब्रोनोपॉल घ्या. हे पर्यावरणपूरक आहेत का? आणि सुडो किती वेळा मारलं तरी आमच्याकडे काही फरक दिसला नाही, मग तो कंपन्यांचा धंदाच समजायचा का?


माणदेशीण :

काका, कासुगामायसिन हेही अँटिबायोटिकच आहे. माणसांच्या उपचारात ते वापरत नाहीत, एवढा फरक. पण जिवाणू त्यालाही सरावतो, म्हणजे मूळ प्रश्न जागच्या जागी. ब्रोनोपॉल हे जंतुनाशक रसायन. मी त्याला पर्यावरणपूरक म्हणणार नाही. रोग भडकल्यावर काही जण वापरतात आणि तो त्यांचा निर्णय, पण या धाग्याचा विषय तो नाही.

सुडोमोनासबद्दल मात्र धंदा म्हणून सोडून देऊ नका. तो औषध म्हणून मारला की हमखास निराशा होते. सुडोमोनास फ्लुरोसन्स पानावर आणि मुळाशी जागा पकडतो, लोह स्वतःकडे ओढून घेतो, रोगजिवाणूला त्रासदायक द्रव्यं सोडतो आणि झाडाची स्वतःची प्रतिकारव्यवस्था जागी करतो. ही सगळी कामं रोग यायच्या आधीची आहेत. डाग दिसल्यावर सुडो मारून डाग जाणार नाही.

अपयशाची कारणं मला बागांत फिरताना सारखी तीच दिसतात. पहिलं कारण, सुडो आणि कॉपर एकाच टाकीत. तांबं जिवाणूनाशक आहे, ते आपला जिवाणू आणि रोगाचा जिवाणू यात फरक करत नाही. स्ट्रेप्टोसोबत मिसळणारेही मी पाहिलेत. बोर्डो किंवा कॉपर आणि सुडो यांच्यात निदान आठ-दहा दिवसांचं अंतर ठेवा. दुसरं कारण, पाकीट. सुडोमोनास बीजाणू करत नाही, त्यामुळे त्याचं आयुष्य थोडं. उन्हात तापणाऱ्या दुकानात सहा महिने पडलेल्या भुकटीत जिवंत काय उरणार? उत्पादनाची तारीख बघा, दर ग्रॅममध्ये किती जिवंत पेशी आहेत तो आकडा बघा, शक्यतो सावलीत किंवा थंड जागी ठेवणाऱ्याकडून घ्या. बॅसिलस सबटिलिस बीजाणू करतो, म्हणून तो साठवणीत जास्त टिकतो. तापत्या दुकानांच्या भागात मला बॅसिलस जास्त भरवशाचा वाटतो. तिसरं कारण, वेळ. भर दुपारी फवारलं तर ऊन त्याला मारतं. संध्याकाळी मारा.

सॅलिसिलिक ॲसिडचं तत्त्वही झाडाला आधीच जागं करण्याचं आहे. झाडावर हल्ला झाला की ते स्वतःच सॅलिसिलिक ॲसिड तयार करून बाकीच्या पानांना इशारा देतं. आपण तो इशारा बाहेरून देतो. मात्रा डाळिंब संशोधन केंद्राच्या वेळापत्रकातलीच घ्या, हातानं वाढवू नका, जास्त झालं की पानं करपतात.


रानवाट :

सेंद्रिय शेती करतो. बोर्डोला सगळे सेंद्रिय म्हणतात, पण मोरचूद तर मोरचूदच. त्यावर ताईंचं मत हवं.

शिवाय जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पाणी) आणि दशपर्णी अर्क (दहा प्रकारच्या पाल्याचा) यांचा उल्लेखच नाही, याचं वाईट वाटलं. आमच्या गटात तेल्यावर दोन्ही वापरतात.


माणदेशीण :

बोर्डोबद्दल तुमची शंका रास्त आहे. १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये मिलार्डे यांनी द्राक्षाच्या केवडा रोगावर हे मिश्रण पुढे आणलं, तेव्हापासून जग ते वापरतंय. सेंद्रिय नियमांत त्याला परवानगी आहे. पण तांबं हा धातू आहे, तो कुजत नाही, संपत नाही. वर्षानुवर्षं मारलं की वरच्या थरात साठतं, गांडुळं कमी होतात. युरोपीय संघानं म्हणूनच हेक्टरी सात वर्षांत २८ किलोची मर्यादा घातली आहे. तांब्यालाही दाद न देणारे झँथोमोनास जगात अनेक ठिकाणी सापडलेत. माझ्या दृष्टीनं बोर्डो हे विश्रांतीच्या काळातलं आणि छाटणीनंतरचं हत्यार आहे. पूर्ण बहरात दर आठवड्याला कॉपर मारणं हे स्ट्रेप्टोसारखंच आंधळं वागणं झालं.

करायचं तर नीट करा. एक टक्क्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत विरघळवा, मग तिसऱ्या भांड्यात दोन्ही एकदम ओतत ढवळा. विळ्याचं स्वच्छ पातं त्यात थोडा वेळ धरा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, चुन्याची निवळी वाढवा, नाहीतर पानं जळतील. त्याच दिवशी संपवा.

जीवामृताबद्दल मनापासून सांगते. जमिनीसाठी ते मी स्वतः वापरते आणि माझ्या मातीत त्यानं फरक पडलाय असं मला वाटतं. पण तेल्यावर फवारणी म्हणून त्याचा भरवसा देणारे पुरेसे प्रयोग माझ्या पाहण्यात नाहीत, त्यामुळे दुसऱ्याला ते सांगणार नाही. काढणीजवळ आलेल्या फळावर शेणाचं पाणी फवारू नका, खाणाऱ्याच्या पोटाचा विचार करा. दशपर्णी किडींवर उपयोगी पडतो, किडी कमी म्हणजे जखमा कमी, त्या वाटेनं त्याचं काम मान्य.


भातखाचर :

शेणाच्या पाण्यावरून आठवलं. भाताच्या जिवाणूजन्य करप्यावर तमिळनाडू कृषी विद्यापीठाची शिफारस आहे : ताज्या शेणाचा २० टक्के अर्क, रोग दिसू लागताच एक फवारणी आणि पंधरा दिवसांनी दुसरी. भाताची गोष्ट वेगळी, दाणा टरफलात असतो. पण विद्यापीठानं शिफारस केली म्हणजे शेणाला अगदीच मोडीत काढू नये.

भाताकडे मात्र डाळिंबाकडे नाही अशी एक गोष्ट आहे : प्रतिकारक वाण. हैदराबादच्या भात संशोधन संचालनालयानं आणि सीसीएमबी या पेशी आणि रेणूजीवशास्त्राच्या संस्थेनं मिळून सुधारित सांबा महसुरी काढला, २००८ मध्ये प्रसारित झाला. त्यात करप्याविरुद्धची तीन जनुकं एकत्र आणली आहेत. त्यातलं एक, एक्सए २१, आफ्रिकेतल्या रानटी भातातून आलेलं आहे. हे संकरानंच केलंय, जीएम (प्रयोगशाळेत जनुक घालून केलेलं) नव्हे. एकच जनुक असतं तर जिवाणूनं लवकर मात केली असती, तीन एकत्र असल्यानं त्याला अवघड जातं. एक फवारणी न करता रोग अडतो, याहून पर्यावरणपूरक काय असणार? डाळिंबात असं व्हायला हवं. झाडाला वेळ लागतो हे कळतं, तरी सरकारी पैसा तिकडे जावा असं फार वाटतं.


काणकोणकार :

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे वांगी, टोमॅटो, मिरची यांवर जिवाणूजन्य मर. सकाळी झाड हिरवंगार, दुपारी माना टाकलेल्या, चार दिवसांत खेळ खलास. हा रालस्टोनिया नावाचा जिवाणू जमिनीतून मुळात शिरतो, म्हणून वरून काहीही फवारलं तरी फुकट. ओळखायची सोपी रीत : खोडाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात लोंबता धरा. पांढरे दुधाळ धागे खाली उतरले की तोच.

आमच्याकडे चाललेले उपाय : सोलॅनम टॉर्व्हम या रानटी वांग्याच्या खुंटावर कलम, आणि बेंगळुरूच्या बागायती पिकांच्या संशोधन संस्थेचे प्रतिकारक वाण. टोमॅटोत अर्का रक्षक, वांग्यात अर्का निधी, अर्का केशव, अर्का नीलकंठ. आमची माती आम्लधर्मी, तिला चुना लागतोच. वरच्या शेतातलं पाणी खालच्या वाफ्यात येऊ देऊ नये. भात-वांगी अशी फेरपालट केली की जमिनीतला जोर कमी होतो. मर झालेलं झाड उपटून तिथंच टाकणारे लोक बघितले की जीव तुटतो.


लिंबूवाला श्रीगोंदा :

कागदी लिंबावरचा खैऱ्या रोग हाही झँथोमोनासचाच. आमचा धडा एकच : नागअळी आवरली तर खैऱ्या निम्मा आवरतो. अळीनं पोखरलेल्या नागमोडी रेषेतच डाग ओळीनं उठतात, डोळ्यांनी दिसतं. नवी पालवी फुटताना निंबोळी अर्क चुकवायचा नाही. राहुरी विद्यापीठाचं साई शरबती खैऱ्याला बऱ्यापैकी तोंड देतं. ताईंचा जखमांचा मुद्दा आमच्याकडे शंभर टक्के लागू.


वेनाचीतली मराठी :

वॉशिंग्टन राज्यातून. इथं सफरचंद आणि नाशपातीवर अग्निकरपा नावाचा जिवाणूजन्य रोग येतो, आणि त्यावर अनेक दशकं स्ट्रेप्टोमायसिनच मारलं जायचं. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या नाशपाती बागांत प्रतिरोधक जिवाणू सापडले, नंतर इतरत्रही. सेंद्रिय बागांत तर ऑक्टोबर २०१४ पासून स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन दोन्ही बंद झाली. तेव्हा इथल्या सेंद्रिय बागायतदारांनी अगदी हाच प्रश्न विचारला होता : आता काय?

बागा बुडाल्या नाहीत. लोकांनी काय केलं ते सांगते, त्यातलं काही आपल्याकडे चालेल. एक, हिवाळ्यात व्रण कापून काढण्यावर जोर. दोन, फुलांत रोगजिवाणूच्या आधी जाऊन बसणारी ऑरिओबेसिडियम नावाची यीस्टसारखी बुरशी फवारतात. तत्त्व सुडोमोनासचंच, जागा आधी पकडायची. तीन, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, अंदाज. विद्यापीठाचं कूगरब्लाइट नावाचं प्रारूप तापमान आणि फुलं ओली होण्याची शक्यता यावरून धोक्याचे दिवस सांगतं. धोका नसेल तर बागायतदार पंपाला हातही लावत नाही. फवारण्यांची संख्या त्यानंच घटते.

आपल्याकडे ठिकठिकाणी हवामान केंद्रं बसली आहेत. पान किती तास ओलं राहिलं आणि तापमान किती होतं यावर तेल्याचा असा रोजचा अंदाज शेतकऱ्याच्या फोनवर मिळाला तर किती पैसे आणि किती तांबं वाचेल.


सूक्ष्मदर्शी :

फेजबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. बॅक्टेरिओफेज म्हणजे फक्त जिवाणूंना मारणारे विषाणू. १९१५ मध्ये ट्वॉर्ट आणि १९१७ मध्ये देरेल यांनी ते मांडले. त्याही आधी, १८९६ मध्ये, हँकिन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचा जिवाणू टिकत नाही अशी नोंद केली होती. अमेरिकेत टोमॅटो-मिरचीच्या झँथोमोनासवर फेजचं उत्पादन २००५ मध्ये नोंदणीकृत झालं. फेज इतका निवडक असतो की तेल्याचा जिवाणू मारेल आणि शेजारच्या सुडोमोनासला धक्काही लावणार नाही.

अडचणी दोन. उन्हातले अतिनील किरण त्याला काही तासांत संपवतात, म्हणून संध्याकाळी, साय काढलेल्या दुधाच्या भुकटीसारखं काहीतरी मिसळून फवारतात. आणि जिवाणू फेजलाही चुकवायला शिकतो, म्हणून अनेक फेजांचं मिश्रण करून ते अधूनमधून बदलावं लागतं. म्हणजे स्थानिक बागांतले जिवाणू गोळा करत राहणारी प्रयोगशाळा जवळ हवी. डाळिंब पट्ट्यात अशी एखादी उभी राहिली तर मी नोकरी सोडून यायला तयार आहे, हे अगदी खरं सांगतो.


बागलाणचा गडी :

ताई, ठरवलंय. निम्मी बाग हस्ताला, पाणी मोजून. उरलेल्या निम्म्या बागेत झाडं फार गेलीत, तिथं नवी लागवड करायची आहे. गुटीची रोपं (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेली) जवळच स्वस्त मिळतायत. घेऊ का?


माणदेशीण :

स्वस्त आहेत म्हणून घेऊ नका, दादा. तेल्या एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात गेला तो बराचसा गुटीच्या रोपांवर बसून. रोपं घ्यायची तर आधी मातृबाग बघायला जा, आणि पावसाळ्यात जा, कोरड्या दिवसांत रोग लपतो. फांद्यांच्या पेऱ्यांवर काळे व्रण दिसले की रोपवाटिकावाला काहीही म्हणो, माघारी या. मातृबाग दाखवायला नकार देत असेल तरी माघारीच या. रोपाची पानं उन्हाकडे धरून एकेक तपासा. टिश्यू कल्चरची घेतलीत तरी पानं बघाच, कारण प्रयोगशाळेतून निघाल्यावर ती उघड्या रोपवाटिकेत वाढलेली असतात.

जुनी झाडं मुळासकट काढा, लाकूड बांधावर रचू नका. ती जागा एक हंगाम तागाला किंवा धैंच्याला द्या आणि फुलोऱ्यात गाडा. शेवरीची ओळ आत्ताच लावा, डाळिंब लावल्यावर नको, म्हणजे रोपं येतील तेव्हा वारा अडवायला ती उभी असेल. अंतर १५ बाय १० फुटांखाली आणू नका, पान लवकर सुकायला हवा खेळती लागते. आणि शेजारच्या बागायतदाराशी आत्ताच बोलून घ्या. त्याच्या बागेत मृगाचा रोगट बहर उभा असेल आणि मध्ये फक्त बांध असेल, तर दोघांनी एकाच आठवड्यात छाटणी आणि सफाई करायला हवी. तो तयार नसेल तर मला कळवा, मी तुमच्या गावी येऊन त्याच्याशी बोलते.